‘कितीवर ठेवू?’

भाच्यानं परवा एक फोटो दाखवला. खिडकीला पाठ करून बसलेली माझी आई, मागे लख्ख उजेड आणि चेहरा काळवंडलेला. एका व्हिडिओत सांगितल्याबरहुकूम त्यानं गडद भाग उजळवणारा शॅडोजचा स्लायडर ६० वर नेला होता, आणि तपशील ठसठशीत करणारी क्लॅरिटी ३० वर. चेहरा दिसायला लागला होता खरा, पण राख फासल्यासारखा. ‘‘मामा, मग कितीवर ठेवू?’’ असं त्यानं विचारलं. व्हिडिओतल्या माणसाचा फोटो ६० वर छान झाला, याचा ६० वर बिघडला, तेव्हा बरोबर आकडा दुसरा कुठला तरी असणार, असा त्याचा सरळ तर्क होता. असा आकडाच नसतो, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर पुस्तकातून शिकावं की नाही, यावर अधूनमधून जो वाद पेटतो तो वाचताना मला हा प्रश्न आठवतो. एक पक्ष म्हणतो, पुस्तकं गेली आता. पडद्यावरची गोष्ट पडद्यावरच शिकावी. दुसरा पक्ष म्हणतो, आमच्या वेळी आम्ही जाडजूड ग्रंथ पालथे घातले म्हणून आम्हाला काही येतं, ही नवी पिढी उथळ. पहिल्याला पुस्तक म्हणजे जुनाट वस्तू वाटते, दुसऱ्याला पूजेची. शिकायचं नक्की काय आहे, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्याला हे काम खरोखर शिकायचं आहे त्यानं आजही एक चांगलं पुस्तक क्रमानं, आपला स्वतःचा फोटो समोर ठेवून वाचावं, व्हिडिओ त्याच्या जोडीला असावेत, त्याच्या जागी नव्हेत. आणि याला लागूनच दुसरं मत, जे पुस्तकप्रेमींना आवडणार नाही: या विषयावरची बरीचशी पुस्तकं रद्दीतच जायच्या लायकीची होती, आणि व्हिडिओंनी त्यांना मारलं ते बरंच झालं.

हे मी अनुभवानं बोलतोय. माझं पहिलं पुस्तक पाचशेच्या वर पानांचं होतं आणि त्याच्या पाठीला एक सीडी चिकटवलेली होती. सीडीत सरावाचे फोटो. ‘पायरी १ : अमुक मेनू उघडा. पायरी २ : अमुक चौकटीत खूण करा.’ मी दोन महिने इमानेइतबारे सगळे धडे केले, आणि प्रत्येक वेळी माझा निकाल पुस्तकातल्या चित्राशी तंतोतंत जुळला. मग स्वतःचा एक फोटो उघडला आणि काय करायचं तेच सुचेना. कारण सीडीतले फोटो त्या त्या अवजाराला साजेसे निवडलेले होते. एकसारख्या रंगाचा भाग एका क्लिकनं निवडणारी ‘जादूची कांडी’ (मॅजिक वाँड) शिकवायची तर निळ्या पार्श्वभूमीवर लालभडक फूल. माझ्या फोटोत काळ्या केसांमागे काळपट झाड होतं. पुस्तकानं मला मेनू पाठ करायला लावले होते, फोटो बघायला शिकवलंच नव्हतं. असं पुस्तक म्हणजे गोठवलेला व्हिडिओच, आणि गोठवलेल्या व्हिडिओपेक्षा हलता व्हिडिओ केव्हाही बरा.

तेव्हा विरुद्ध बाजूचं म्हणणं झटकून टाकता येणार नाही. सॉफ्टवेअर बदलत राहतं आणि पुस्तक छापलं त्या दिवशी थांबतं, हा आक्षेप साधार आहे. फोटोशॉपच्या आवृत्त्या पूर्वी वर्षा-दोन वर्षांनी यायच्या, तेव्हा निदान एखाद्या आवृत्तीचं पुस्तक काही काळ टिकायचं. २०१३ पासून ते बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीनं सगळा कारभार वर्गणीवर नेला आणि बदल वर्षभर झिरपत राहू लागले. पुस्तकातलं चित्र आणि पडद्यावरचं पॅनेल जुळत नाही म्हटल्यावर नवशिक्या पहिल्या प्रकरणातच गडबडतो. शिवाय हातानं करायच्या गोष्टी वाचून येत नाहीत. पेन टूलनं वळण घेताना हँडल किती ओढायचं, ब्रशवर दाब कसा ठेवायचा, हे मिनिटभर बघून जितकं कळतं तितकं तीन पानांत कळत नाही. पुस्तक ज्या भाषेत आहे ती वाचणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली नसेल, तर त्याचं निम्मं बळ वाक्य सोडवण्यातच जातं. तेच कुणी आपल्या बोलीत समजावलं की लख्ख कळतं. आणि एखाद्याला वर्षातून एकदा फोटोतली तारीख पुसायची असेल तर त्याला पुस्तक घ्यायला सांगणं हा निव्वळ छळ आहे.

पुस्तकाविरुद्धचा सगळ्यात बिनतोड मुद्दा मात्र मी या वादात कुणी मांडलेला पाहिला नाही, म्हणून त्यांच्या वतीनं मीच मांडतो. हे शास्त्र रंगांचं आहे, आणि छापील पान हे रंग दाखवूच शकत नाही. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग तयार करतो. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर ठिपक्याठिपक्यांनी उठवतो. पडद्यावरचा झळझळीत निळा किंवा पोपटी रंग त्या शायांच्या आवाक्यातच नसतो. बारीक शार्पनिंग, थोडासा नॉइज (म्हणजे चित्रातला दाणेदारपणा), त्वचेच्या छटेतला हलका फरक, हे सगळं छपाईच्या ठिपक्यांत विरघळून जातं. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रं शेजारी छापलेली असतात आणि वाचक डोळे फाडफाडून बघतो, पण त्याला काडीचाही फरक दिसत नाही. मला कितीदा वाटलं होतं की दोष माझ्या नजरेत आहे.

मान्य. मग पुस्तक कशासाठी?

यातलं बदलतं काय आणि टिकतं काय, हे आधी वेगळं काढू. टॉमस नोल हा मिशिगन विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी आणि त्याचा भाऊ जॉन यांनी तयार केलेलं फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. त्यात लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवायचे सुटे थर, नव्हते. ते १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत आले. मागे जायला एकच अनडू होतं. हिस्टरीचं पॅनेल १९९८ चं. ॲडजस्टमेंट लेयर १९९६ चे, हीलिंग ब्रश २००२ चा. यादी वाचली की वाटतं, सगळंच बदललं. पण चॅनेल? रंगीत चित्र म्हणजे लाल, हिरवी आणि निळी अशी तीन राखाडी चित्रं एकावर एक, ही गोष्ट १८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं तीन रंगांच्या फिल्टरांतून एकाच रंगीत रिबिनीचे तीन फोटो घेववून आणि ते पडद्यावर एकत्र पाडून दाखवली होती. ती पहिल्या फोटोशॉपमध्ये होती, फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये आहे, आणि भाच्याच्या फोनमधल्या ॲपच्याही पोटात आहे. ब्लेंड मोड म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळायची रीत. त्यातल्या मल्टिप्लायचं नाव गुणाकारावरून पडलं, कारण तो गुणाकारच करतो: वरच्या पिक्सेलची किंमत (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) गुणिले खालच्याची, भागिले २५५. १२८ वर १२८ ठेवला की ६४ उरतो, म्हणजे चित्र गडद होणारच. पांढऱ्यावर ठेवलेलं आहे तसं राहणार. हे एकदा समजलं की मेनू कुठल्याही कोपऱ्यात सरकवा, माणूस हुडकून काढतो. जे पुस्तक बटणाची जागा शिकवतं ते पुढच्या अपडेटला मरतं, आणि पिक्सेलचं काय होतं हे शिकवणारं पुस्तक वीस वर्षांनीही उपयोगी पडतं. मग ‘पुस्तकं जुनी होतात’ हा आक्षेप नेमका कुठल्या पुस्तकांवर आहे?

आता भाच्याच्या फोटोकडे येऊ. शॅडोजचा स्लायडर म्हणजे मुळात कर्व्हचीच एक हुशार आवृत्ती, म्हणून कर्व्हवरच बघू. कर्व्ह म्हणजे मूळ चित्रातला कुठला उजळपणा किती करायचा हे ठरवणारी रेषा. ८ बिटच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. चेहरा साधारण ६४ च्या खाली दबला आहे. तुम्ही कर्व्हवर तिथं बिंदू ठेवून तो ११० वर उचललात. म्हणजे पूर्वी ६४ पायऱ्यांत मावणारा काळोख आता ११० पायऱ्यांच्या जागेत ताणला गेला. तिथला नॉइजही ताणला गेला. आणि वरच्या १९१ पायऱ्यांना राहायला उरल्या फक्त १४५. त्या दाटीवाटीनं बसल्या, म्हणजेच उजळ भागातला कॉन्ट्रास्ट गेला. साडीचा पोत, खिडकीची चौकट, सगळं सपाट. एकूण पायऱ्या ठरलेल्या आहेत. एका जागी वाढवल्या की दुसरीकडून काढाव्या लागतात. कॉन्ट्रास्ट ही महिन्याच्या पगारासारखी गोष्ट आहे, इथं जास्त खर्च केला तर तिथं हात आखडावा लागणार. एवढं समजलेल्या माणसाला ‘कितीवर’ हा प्रश्नच पडत नाही. त्याला पडतो तो ‘कुठला भाग गमवायला मी तयार आहे’ हा. व्हिडिओत हे सांगता येत नाही का? येतं, आणि काही जण उत्तम सांगतात. पण सरसकट व्हिडिओचा घाट तसा नसतो. तो आकर्षक निकालापासून सुरू होतो आणि तिथं लवकरात लवकर पोचवतो. करणाऱ्याचा हात दिसतो. कुठं हात थांबला, का थांबला, चार वेळा चुकून पाचव्यांदा कसं जमलं, हे सगळं आधीच कापलेलं असतं.

याहून चांगलं उदाहरण अनशार्प मास्कचं. चित्र धारदार करणाऱ्या अवजाराचं नाव ‘अनशार्प’ का? बहुतेकांना हा विनोद वाटतो, किंवा त्यांच्या मनात प्रश्नच येत नाही. डार्करूममध्ये निगेटिव्हपासून मुद्दाम जराशी धूसर आणि फिकी पॉझिटिव्ह तयार करायचे आणि ती निगेटिव्हला चिकटवून त्यातून प्रिंट काढायचे. मोठमोठ्या भागांतला गडद-उजळ फरक त्या धूसर प्रतीमुळे कमी व्हायचा, बारीक कडा मात्र तशाच राहायच्या. मग कडक, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्ट देणाऱ्या, कागदावर छापलं की कडा उठून दिसायच्या. संगणक तेच गणितानं करतो: मूळ चित्रातून धूसर चित्र वजा करतो, उरतो तो तपशील, आणि तोच परत मिळवतो. अमाउंट म्हणजे किती मिळवायचा, रेडियस म्हणजे धूसर प्रत किती धूसर, थ्रेशोल्ड म्हणजे किती बारीक फरकाकडे दुर्लक्ष करायचं. आता ‘रेडियस १ ठेवा’ या सल्ल्याला काय अर्थ राहिला? ६,००० पिक्सेल रुंदीच्या फोटोवर १ पिक्सेलची कड काढली आणि तो फोटो स्क्रीनसाठी १,५०० पिक्सेलवर आणला, की ती कड पाव पिक्सेलची होते, म्हणजे नाहीशीच. उलट १,५०० पिक्सेलच्या फोटोला ४ चा रेडियस दिला तर माणसाभोवती खडूनं रेघ ओढल्यासारखी दिसते. आकडा पाठ केलेला माणूस दोन्हीकडे फसतो, आणि फसल्यावर दुसरा आकडा शोधायला निघतो.

या सगळ्या अवजारांची मुळं अशी जुनी आहेत, हे सांगायला फार थोड्यांना वेळ असतो. डॉज टूलचं पळीसारखं दिसणारं चित्र म्हणजे डार्करूममध्ये प्रिंटचा भाग झाकायला तारेला लावलेली चकती. बर्नची बोटं वळवलेली मूठ म्हणजे प्रकाश एका जागी सोडणारा हात. निवडीबाहेरचा भाग लाल दाखवणाऱ्या क्विक मास्कचा रंग छपाईसाठी मास्क कापायच्या रुबिलिथ फिल्मचा. हे माहीत नसल्यानं कुणाचं काही अडत नाही, कबूल. पण माहीत झालं की चिन्हं चिन्हं राहत नाहीत.

नवशिक्याची खरी अडचण आणखी वेगळी आहे, आणि माझ्या मते या वादाचं मर्म तिथं आहे. व्हिडिओ शोधायला आधी प्रश्न माहीत असावा लागतो. चार शब्द टंकावे लागतात. बदल चित्राच्या कुठल्या भागाला लागावा आणि कुठल्या नाही हे ठरवणारी मास्क नावाची वस्तू अस्तित्वात आहे, हेच ज्याला ठाऊक नाही, तो ‘मास्क’ कसा शोधणार? तो शोधतो ‘फोटो चांगला कसा करायचा’, आणि मग समोर येईल ते बघत राहतो: आज आकाश बदलणं, उद्या त्वचा गुळगुळीत करणं, परवा कुठला तरी सिनेमाचा रंग. वर्षभरानं त्याला शंभर युक्त्या येतात आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत. पुस्तकाची अनुक्रमणिका नुसती चाळली तरी या प्रदेशात कुठली गावं आहेत ते कळतं. शिवाय लेखकाला क्रम लावावा लागलेला असतो: मास्कच्या आधी सिलेक्शन (हवा तो भाग निवडणं), सिलेक्शनच्या आधी चॅनेल. तो क्रम चुकला तर संपादकाच्या आधी वाचकच अडखळतो. सुट्या व्हिडिओंच्या ढिगाला असा क्रम लावायची जबाबदारी कुणाचीच नसते. बघणाऱ्याला आज काय पाहावंसं वाटेल, यावर तिथला क्रम ठरतो.

‘पण अशी कामं पुस्तकातून शिकता येतच नाहीत’, हे विधान इतक्या ठामपणे केलं जातं की इतिहासाकडे जरा बघावंसं वाटतं. छायाचित्रण स्वतः जगभर कसं पसरलं? १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स्वा अरागो या शास्त्रज्ञानं लुई दागेरची छायाचित्र घेण्याची पद्धत जाहीर केली, आणि दागेरची छोटी पुस्तिका त्याच वर्षी बाहेर पडली. काही महिन्यांत तिच्या कित्येक आवृत्त्या आणि भाषांतरं निघाली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा घासायचा, आयोडिनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात ठेवायचा, पाऱ्याच्या वाफेनं चित्र उमटवायचं. पॅरिसमधल्यांना प्रात्यक्षिकं तरी बघता आली. दूर देशांतल्या माणसांकडे बहुधा वर्णन आणि उपकरणांची रेखाचित्रं एवढंच होतं. छायाचित्रणाच्या त्या पुस्तिकेत एकही छायाचित्र नव्हतं, छापायचं तंत्रच नव्हतं. तरीही लोकांनी वाचून पत्रे तयार केले. चुकले असतील, पाऱ्याची वाफही फुकट गिळली असेल; पण शिकले. मी वर ज्याला पुस्तकाविरुद्धचा सगळ्यात बिनतोड मुद्दा म्हटलं, तो तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी पटींनी लागू होता. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सल ॲडम्सचंही तेच. फ्रेड आर्चरबरोबर १९४० च्या सुमारास त्यानं बसवलेली झोन सिस्टिम काळ्या-पांढऱ्याच्या ११ पट्ट्यांत दृश्य मोजायला शिकवते. त्यावर त्यानं तांत्रिक पुस्तकं लिहिली. तो १९८४ मध्ये गेला, फोटोशॉप येण्याच्या सहा वर्षं आधी. तरीही हिस्टोग्राम (फोटोत कुठल्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख) वाचताना आज लोक त्याच पट्ट्यांत विचार करतात.

आपल्याकडे या शंकेला संस्कृत सुभाषिताचंही बळ आहे: पुस्तकात राहिलेली विद्या आणि दुसऱ्याच्या हातात गेलेलं धन, वेळेला दोन्ही कामाला येत नाहीत. सुभाषित खरंच आहे, फक्त ते पुस्तकाविरुद्ध नाही. पुस्तकातच ठेवलेल्या विद्येविरुद्ध आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) घराण्यांच्या पोटात दडलेल्या चिजा मिळवून स्वरलिपीत छापायला निघाले तेव्हाही हेच म्हणणं होतं की ही गुरुमुखी विद्या आहे, कागदावर उतरत नाही. गायकी कागदावर उतरत नाही, हे बरोबरच होतं. क्रमिक पुस्तकं वाचून कुणी मैफल मारली नसेल. पण रागांचा एक नकाशा कुणालाही हातात धरता यावा, ही गोष्ट त्यांच्यामुळे झाली. गळा गुरूकडे घडतो म्हणून नकाशा निरुपयोगी, असं आज कोण म्हणेल?

राहिला सगळ्यात नवा आक्षेप: शिकायचंच कशाला? फोन एका बोटानं फोटो सुधारतो, आणि २०२३ पासून फोटोशॉपलाही जनरेटिव्ह फिलच्या चौकटीत शब्दांत सांगितलं की ते हवं ते भरून देतं. मागे उभा असलेला अनोळखी माणूस काढून टाकायचा असेल तर मी स्वतः हेच वापरतो, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण ‘शब्दांत सांगा’ ही अट नीट पाहा. ‘फोटो छान कर’ म्हटलं तर यंत्र त्याच्या मते छान करतं. सगळ्यांचे फोटो एकाच हलवायाच्या बर्फीसारखे दिसू लागले आहेत ते त्यामुळेच. हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, तपशील जाण्याइतके जळलेत की नुसते उजळ आहेत, त्वचेत हिरवी झाक आली ती व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळवणी) चुकल्यामुळे की झाडावरून परतलेल्या उजेडामुळे, कड कृत्रिम दिसते ती शार्पनिंगनं की मास्कच्या फेदरनं (कड मऊ करण्यानं), हे ज्याला नावानं सांगता येतं त्याचंच यंत्र ऐकतं. आजवर हे काम हाताचं होतं, आता ते शब्दांकडे सरकतंय. आणि नेमक्या याच वेळी आपण म्हणतोय की वाचायची गरज संपली!

रंगांच्या छपाईचा मुद्दा मी मान्य केला होता, त्याचंही थोडं उत्तर आहे. पुस्तकातली दोन चित्रं सारखीच दिसतात म्हणून वाचकाला ती पडद्यावर स्वतः करून बघावी लागतात, आणि तीही आपल्या फोटोवर. ही सक्ती त्याच्या फायद्याची आहे. व्हिडिओ बघताना कळल्याचा भास फार लवकर होतो. पान वाचून कळल्याचा भास होत नाही, उलट न कळल्याचा होतो, आणि माणूस सॉफ्टवेअर उघडतो. ईपुस्तकात आता रंगाची ही अडचण बरीच कमी झाली आहे, हेही जाता जाता सांगायला हवं. पुस्तक म्हणजे कागदच, असा माझा हट्ट नाही.

भाच्याला मी माझ्या कपाटातलं एक जुनं पुस्तक दिलं. मेनूंची चित्रं आता कशाशीच जुळत नाहीत, ती सोड म्हटलं. फक्त कर्व्हचं प्रकरण वाच, आणि आजीच्या फोटोवर करून बघ. आठ दिवसांनी आला. फोटो अजून चांगला झालेला नव्हता. चेहरा आता ठीक होता, पण साडीची जर पार उडाली होती. ‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘चेहरा उचलला की साडी जाते, हे कळलं. मग एकच कर्व्ह दोन्हींना का लावायचा? चेहऱ्याचा वेगळा नाही का करता येणार?’’ मी त्याला मास्कचं प्रकरण काढून दिलं. ब्रश कसा फिरवायचा तो मात्र व्हिडिओतच बघ म्हटलं. पुस्तकात त्यावर तीन पानं आहेत आणि तिन्ही वाया गेलेली आहेत.